डब्लिनच्या जेझुइट दफ्तरातली पत्रं, चरित्रटिपणं आणि छायाचित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडमधल्या येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइटांच्या, अभिलेखागाराबद्दल मराठी वाचकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुणी टायटॅनिकच्या फोटोंचा माग काढत इथवर येतं, कुणी पहिल्या महायुद्धातल्या पत्रांमुळे, तर कुणाला शाळेत शिकवणाऱ्या एखाद्या फादरचं मूळ गाव शोधायचं असतं. हे त्या संस्थेचं अधिकृत पान नाही, एका वाचकाने इतर वाचकांसाठी लिहिलेलं आहे.

हे दफ्तर कुणाचं आणि कुठे आहे?

आयरिश जेझुइटांचं. डब्लिनमध्ये लोअर लीसन स्ट्रीटवर आहे. इग्नेशियस लोयोला यांच्या येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली १५४० मध्ये. १७७३ मध्ये पोपनेच हा संघ विसर्जित केला आणि १८१४ मध्ये त्याची पुन्हा स्थापना झाली. त्याच वर्षी पीटर केनी या जेझुइटाने किल्डेअर परगण्यात क्लाँगोज वुड ही निवासी शाळा सुरू केली. पुढे डब्लिनमध्ये बेल्व्हेडिअर शाळा आणि गार्डिनर स्ट्रीटचं चर्च उभं राहिलं. १८६० मध्ये आयर्लंड हा संघाचा स्वतंत्र प्रांत झाला. त्यामुळे सलग वाचावा असा कागद प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकापासून पुढचा.

हे सरकारी दफ्तर नाही, हे आधीच ध्यानात ठेवलेलं बरं. माहिती अधिकाराचा आयरिश कायदा धर्मसंघांना लागू होत नाही. कागद दाखवणं ही त्यांची मर्जी, आपला हक्क नाही.

धर्मगुरूंच्या कागदपत्रांत इतरांना रस असण्याचं कारण काय?

कारण आयर्लंडमध्ये बाकीचा कागद फार जळला आहे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या अगदी सुरुवातीला, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत स्फोट होऊन आग लागली आणि तिथल्या सरकारी दफ्तरखान्यातली कित्येक शतकांची कागदपत्रं खाक झाली. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेच्या नोंदी जवळपास सगळ्या त्यात गेल्या. १८६१ ते १८९१ च्या नोंदी तर त्याआधीच सरकारने स्वतःच्या हुकमाने नष्ट केल्या होत्या. आगीला निदान युद्धाचं निमित्त होतं, या दुसऱ्या नासाडीला तेवढंही नाही. संपूर्ण देशाची म्हणून हाती उरलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची.

म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या सामान्य आयरिश माणसाचा जन्म, आईवडील, शिक्षण, प्रवास असं काही शोधायचं तर चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही, शाळेचा पट, घरमालकाची खंडवसुली आणि धर्मसंघांची दफ्तरं हेच आधार राहतात. संघात गेलेल्या मुलाचे कागद नीट जपले गेले. शेतावर राहिलेल्या त्याच्या भावाबद्दल मात्र कित्येकदा या मुलाच्या पत्रातूनच काही कळतं.

जेझुइट एवढी पत्रं का लिहायचे?

त्यांना तसा दंडकच होता. इग्नेशियस रोममध्ये बसून संघ चालवत होते आणि त्यांची माणसं गोव्यापासून ब्राझीलपर्यंत पांगलेली होती. स्वतः इग्नेशियस यांची जवळपास सात हजार पत्रं उपलब्ध आहेत.

डिसेंबर १५४२ मध्ये त्यांनी पिएर फाव्र या सहकाऱ्याला चांगलंच खडसावलं होतं. मुख्य पत्र असं लिहा की ते कुणालाही दाखवता येईल. पहिला मसुदा करा, तो वाचा, सुधारा, मग पुन्हा लिहून काढा. ज्या गोष्टी चारचौघांत दाखवण्याजोग्या नाहीत त्या वेगळ्या कागदावर लिहा. दाखवायचं पत्र आणि आतला कागद ही विभागणी संघाच्या पत्रव्यवहारात पुढेही चालत राहिली. दफ्तरातलं कुठलंही पत्र हातात घेतलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो: हे यातलं कुठलं? प्रांतप्रमुखाला पाठवलेला अहवाल, आईला लिहिलेलं पत्र आणि हितचिंतकांच्या मासिकात छापण्यासाठी लिहिलेलं पत्र या तिन्हींत एकच माणूस तीन वेगळ्या आवाजांत बोलतो.

मराठी वाचकाला या परंपरेचा एक धागा आधीच ठाऊक असतो. 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइटच. ते इंग्रज होते, आयरिश नव्हे. १५७९ मध्ये गोव्याला पोचल्यावर त्यांनी वडिलांना प्रवासाचं सविस्तर वर्णन कळवलं होतं. तेही पत्र दहाजणांनी वाचलं आणि पुढे छापलं गेलं.

चरित्रटिपणात नेमकं काय मिळतं?

प्रत्येक जेझुइटाच्या आयुष्याचा एक ठरलेला सांगाडा असतो आणि टिपण त्याच सांगाड्यावर उभं राहतं. जन्मतारीख आणि गाव, शाळा, संघात प्रवेश, दोन वर्षांची नवदीक्षा, पहिली व्रतं, तत्त्वज्ञानाचा अभ्यास, मधली काही वर्षं शाळेत शिकवणं, ईश्वरविद्या, गुरुदीक्षा (म्हणजे धर्मगुरूपदाची दीक्षा), त्यानंतरचं आणखी एक प्रशिक्षणाचं वर्ष, अंतिम व्रतं, मग एकामागून एक नेमणुका, शेवटी मृत्यू आणि दफनाची जागा. गुरुदीक्षेपर्यंत पोचायला बारा-चौदा वर्षं सहज लागत. इतक्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीची तारीख! वंशावळ शोधणाऱ्याला असं घबाड क्वचित सापडतं.

याला जोड मिळते ती संघाच्या वार्षिक यादीची. ही यादी लॅटिनमध्ये छापली जाई आणि त्या वर्षी कोण कुठल्या घरात आहे, त्याच्याकडे काय काम आहे, हे तीत असे. टिपणातली नेमणूक आणि यादीतली नेमणूक जुळत नसेल तर मी यादीवर विश्वास ठेवतो. यादी त्या वर्षीच छापलेली असते, टिपण बहुधा माणूस गेल्यावर लिहिलेलं.

एक असमतोल मात्र जाणवत राहतो. संघात फादरांबरोबर ब्रदरही असत, म्हणजे व्रतं घेतलेले पण धर्मगुरू न झालेले सदस्य. स्वयंपाक, शिवणकाम, बाग, शेती, आजाऱ्यांची शुश्रूषा हे सगळं त्यांच्यावर. त्यांची टिपणं साधारणपणे त्रोटक. चाळीस वर्षं एकाच मुदपाकखान्यात काढलेल्या माणसाबद्दल 'शांत, कष्टाळू, प्रार्थनाशील' एवढ्यावर भागवलेलं असतं.

मग मृत्युलेखावर कितपत विसंबायचं?

तारखांसाठी बऱ्यापैकी, स्वभावासाठी जपून. मृत्युलेख हा शोकसभेतल्या भाषणासारखा असतो: बोलणारा खोटं बोलत नाही, पण सगळंही बोलत नाही. हे लेख संघातल्याच माणसाने संघातल्या माणसांसाठी लिहिलेले असत आणि वाचणाऱ्यांना गेलेला माणूस ठाऊक असे. त्यामुळे बरंचसं सूचकतेवर चालतं. 'त्यांच्या शिस्तीची विद्यार्थ्यांना दीर्घकाळ आठवण राहिली' असं वाक्य आलं की मी थांबतो. 'प्रकृतीच्या कारणास्तव बदली' हेही तसंच. कधी खरोखरच क्षय असतो, कधी दारू, कधी वरिष्ठांशी न पटणं. नुसत्या वाक्यावरून ठरवता येत नाही, पण शेजारी पत्रं ठेवली की उलगडा होतो.

युद्धातली पत्रं म्हणतात ती कुणाची?

पहिल्या महायुद्धात अनेक आयरिश जेझुइट ब्रिटिश सैन्यात धर्मगुरू म्हणून गेले. त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव फादर विली डॉइल. जन्म १८७३, डब्लिनजवळच्या डॉकी गावात, सात भावंडांतले धाकटे. १६ व्या आयरिश डिव्हिजनबरोबर ते फ्रान्समध्ये आणि बेल्जियममध्ये होते. १६ ऑगस्ट १९१७ रोजी ईप्रच्या तिसऱ्या लढाईत जखमी सैनिकांपाशी असताना तोफगोळ्याने मारले गेले. वय ४४. त्यांची ओळखता येईल अशी कबर नाही, टाइन कॉटच्या स्मारकावर नाव आहे.

आघाडीवरून त्यांनी वडिलांना लिहिलेली पत्रं लांबलचक आहेत आणि चकित करणारी गोष्ट म्हणजे ती विनोदी आहेत. चिखल, उंदीर, कोसळणारी खंदकं हे सगळं थट्टेच्या सुरात. ज्याला लिहायचं तो म्हातारा बाप, घरी काळजी करत बसलेला. तेव्हा ही थट्टा कुणासाठी आहे हे विसरून 'किती आनंदी माणूस!' म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. तरी त्याच पत्रांत मधूनच थट्टा गळून पडते. एप्रिल १९१६ च्या अखेरीस युलुश गावाजवळ जर्मनांनी विषारी वायू सोडला, त्याचं वर्णन वाचताना असं होतं. मरणाऱ्यांना अंतिम संस्कार देत हा माणूस खंदकातून पुढे पुढे सरकतो आहे आणि एवढ्यांना आपण पुरे पडणार नाही हे त्याला कळतं आहे.

आता तारीख पाहा. एप्रिल १९१६ चा शेवटचा आठवडा म्हणजे डब्लिनमधल्या ईस्टर उठावाचा आठवडा. इकडे राजधानीत आयरिश बंडखोर ब्रिटिश सैन्याशी लढत होते आणि तिकडे त्याच ब्रिटिश सैन्याच्या गणवेशातले आयरिश तरुण वायूने गुदमरत होते. जर्मनांनी खंदकासमोर फलकही लावले: आयर्लंडमध्ये दंगल उसळली आहे, इंग्रजांच्या तोफा तुमच्या बायकामुलांवर चालताहेत. पुढे देश स्वतंत्र झाला आणि उठावातले लोक राष्ट्रवीर ठरले. फ्रान्समध्ये मेलेल्यांबद्दल बोलणं अवघड होऊन बसलं. त्यांची आठवण घराघरांतल्या पेट्यांत आणि अशा दफ्तरांत राहिली. मला या पत्रांचं मोल वाटतं ते इथे, संतपणाच्या पुराव्यापेक्षा जास्त.

संतपणाचीही बाजू आहेच. आल्फ्रेड ओ'राहिली यांनी १९२० मध्ये डॉइल यांचं चरित्र प्रसिद्ध केलं आणि त्यात त्यांच्या खासगी आध्यात्मिक टिपणांतले उतारे दिले. स्वतःच्या देहाला दिलेले कठोर क्लेश त्यांतून जगापुढे आले आणि अनेक वाचक बिचकले. वडिलांना पत्र लिहिणारा गमत्या मुलगा आणि रात्री स्वतःला शिक्षा करणारा हा माणूस एकच. नोव्हेंबर २०२२ मध्ये मीथ धर्मप्रांतात त्यांना संत घोषित करण्याची प्रक्रिया औपचारिकपणे सुरू झाली.

टायटॅनिकचे फोटो एका जेझुइटाने काढले, हे खरं का?

खरं. फादर फ्रँक ब्राउन. १८८० मध्ये कॉर्क शहरात जन्म, आईवडील लहानपणीच गेले. काका रॉबर्ट ब्राउन हे क्लॉइनचे बिशप, त्यांनी सांभाळ केला आणि कॅमेराही त्यांनीच दिला. १९१२ मध्ये याच काकांनी पुतण्याला टायटॅनिकचं पहिल्या वर्गाचं तिकीट काढून दिलं. साउथॅम्प्टनहून शेरबूरमार्गे क्वीन्सटाउनपर्यंत, म्हणजे आजच्या कोव्हपर्यंत, एवढाच टप्पा. ब्राउन तेव्हा ३२ वर्षांचे होते आणि गुरुदीक्षा व्हायची होती.

१० एप्रिलला ते जहाजावर चढले आणि दिसेल ते टिपत सुटले. डेकवर भोवरा फिरवणारा मुलगा, व्यायामशाळा, बिनतारी संदेशाची खोली. या खोलीचा फोटो दुहेरी उमटला आहे, पण टायटॅनिकच्या त्या खोलीचा तेवढा एकच फोटो जगात आहे. जेवणाच्या टेबलावर भेटलेल्या एका धनाढ्य अमेरिकन जोडप्याने त्यांना न्यूयॉर्कपर्यंतचा खर्च देऊ केला. ब्राउन यांनी परवानगीसाठी प्रोव्हिन्शिअलना, म्हणजे प्रांतप्रमुखांना, तार केली. क्वीन्सटाउनला उत्तर वाट पाहत होतं. एका ओळीचं: त्या जहाजावरून उतर. ११ एप्रिलला ते उतरले आणि उतरल्यावर धक्क्याच्या बाजूनेही फोटो घेतले. चार दिवसांनी जहाज बुडालं आणि हे फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. ती तार ब्राउन यांनी आयुष्यभर पाकिटात जपली. आज्ञाधारकपणाने जीव वाचवल्याचं हे एकमेव उदाहरण असावं, असं ते गमतीने सांगत म्हणतात.

ब्राउन म्हणजे टायटॅनिक एवढंच समीकरण डोक्यात बसलं असेल तर ते मोडा. महायुद्धात ते आयरिश गार्ड्सचे धर्मगुरू होते, पाच वेळा जखमी झाले, मिलिटरी क्रॉस दोनदा मिळवला. वायूने फुप्फुसं बिघडली म्हणून १९२४ मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं आणि तिथेही कॅमेरा थांबला नाही. परतल्यावर प्रवचनांच्या निमित्ताने आयर्लंडभर हिंडताना बाजार, बंदरं, शाळा, यंत्रशाळा, रस्त्यावरची पोरं हे सगळं त्यांनी टिपलं. माझ्या मते त्यांचं खरं काम हे आहे. टायटॅनिकवर ते योगायोगाने होते, आयर्लंडमध्ये मात्र डोळे उघडे ठेवून फिरत होते.

इतके फोटो इतकी वर्षं गेले कुठे होते?

एका पत्र्याच्या ट्रंकेत. ब्राउन १९६० मध्ये वारले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९८५ मध्ये, फादर एडवर्ड ओ'डॉनेल यांना ही ट्रंक सापडली. आत सुमारे ४२,००० निगेटिव्ह. बहुतेकांवर स्थळ आणि तारीख लिहिलेली. ही शिस्त नसती तर आज हजारो अनोळखी चेहऱ्यांपलीकडे हाती काही लागलं नसतं.

जुनी निगेटिव्ह नायट्रेट फिल्मवरची होती. ही फिल्म काळाबरोबर चिकट होते, पिवळी पडते, शेवटी भुकटी होते आणि चटकन पेट घेते. म्हणून ती आधी सुरक्षित फिल्मवर उतरवून घ्यावी लागली. आपल्याकडे १९५० पूर्वीच्या निगेटिव्हची पेटी माळ्यावर असेल तर एप्रिल-मेच्या आधी ती खाली उतरवा आणि जाणकाराला दाखवा.

कवी हॉपकिन्स यांचे कागद इथे मिळतात का?

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स हे इंग्रज जेझुइट. १८८४ मध्ये ग्रीक शिकवायला डब्लिनला आले, इथे खचत गेले आणि ८ जून १८८९ रोजी विषमज्वराने वारले. ग्लासनेव्हिन दफनभूमीत जेझुइटांच्या सामायिक जागेत त्यांचं दफन झालं. हयातीत कवी म्हणून त्यांना जवळजवळ कुणी ओळखत नव्हतं. कविता टिकल्या त्या मुख्यतः त्यांचे मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांच्यामुळे. ब्रिजेस यांनी त्या १९१८ मध्ये छापल्या. म्हणजे संघाबाहेरच्या एका मित्राने जपलेल्या टपालातून हा कवी आपल्यापर्यंत पोचला. फक्त हॉपकिन्ससाठी येणार असाल तर आधी विचारून घ्या, त्यांची हस्तलिखितं अनेक ठिकाणी विखुरलेली आहेत.

जॉन सलिव्हन यांची एवढी छायाचित्रं आणि आठवणी कशा जमल्या?

फादर जॉन सलिव्हन (१८६१–१९३३) यांचे वडील आयर्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर. मुलगा प्रॉटेस्टंट म्हणून वाढला, ट्रिनिटी कॉलेजात शिकला, वकील झाला. कपड्यांचा शौक इतका की डब्लिनमधला सर्वांत झोकदार तरुण अशी ख्याती. १८९६ मध्ये कॅथलिक झाला, १९०० मध्ये जेझुइट. पुढचं बहुतेक आयुष्य क्लाँगोज शाळेत शिकवण्यात आणि सायकलवरून किंवा पायी आसपासच्या आजाऱ्यांना भेटण्यात गेलं. तरुणपणीचा फोटो आणि उतारवयातला विटलेल्या झग्यातला फोटो शेजारी ठेवले की टिपणाची गरज उरत नाही.

कागद जमले ते प्रक्रियेमुळे. कुणाला धन्य घोषित करायचं, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी द्यायची, तर चर्च साक्षी नोंदवतं, पत्रं गोळा करतं, लेखन तपासतं. सलिव्हन यांना १३ मे २०१७ रोजी गार्डिनर स्ट्रीटच्या चर्चमध्ये धन्य घोषित केलं गेलं. आयर्लंडच्या भूमीवर झालेला हा असा पहिला सोहळा. अशा फाइलींत शेजारपाजारच्या शेतकऱ्यांच्या, मोलकरणींच्या, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी येतात. भक्तीचा रंग गाळून वाचल्या तर त्या काळच्या गावातली आजारपणं, गरिबी आणि डॉक्टरांची टंचाई यांची ती चांगली नोंद ठरते.

बायकांचे कागद कुठे?

धर्मभगिनींच्या संघांच्या स्वतंत्र दफ्तरांत. कॅथरीन मॅकॉले यांनी १८३१ मध्ये डब्लिनमध्ये स्थापन केलेला मर्सी संघ, नॅनो नॅगल यांनी १७७५ मध्ये कॉर्कमध्ये सुरू केलेला प्रेझेंटेशन संघ आणि लोरेटो संघ ही तीन मोठी नावं. जेझुइटांच्या पत्रांत बायका दिसतात त्या आई, बहीण किंवा देणगीदार म्हणून. स्वतःच्या शब्दांत बोलताना ऐकायच्या तर तिकडेच जावं लागेल.

१९१६ चा उठाव हा विषय असेल तर डब्लिनच्या कॅपुचिन संघाचं दफ्तर पाहा. गोळ्या घालण्यापूर्वी उठावाच्या नेत्यांना भेटलेले फादर अलॉयशियस, फादर ऑगस्टीन, फादर कोलंबस हे सगळे कॅपुचिन होते.

फोटोतली अनोळखी माणसं कशी ओळखायची?

आधी मागची बाजू. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली नावं, अल्बममधून उपटल्याच्या खुणा. स्टुडिओचा पत्ता बदलत गेलेला असतो आणि जुन्या शहर-निर्देशिकेवरून त्या पत्त्याची वर्षं काढता येतात.

मग कपडे. आयरिश जेझुइटांच्या काळ्या झग्याला खांद्यांपासून मागे लोंबणाऱ्या दोन पट्ट्या असत. त्या दिसल्या की समोरचा माणूस चर्चचा साधा धर्मगुरू असण्याची शक्यता कमी होते. गटचित्रात मधोमध बसलेला बहुधा त्या घराचा प्रमुख. त्याच्या कारकिर्दीची वर्षं कळली की फोटोचा काळ चार-सहा वर्षांच्या टप्प्यात येतो. त्यानंतर वार्षिक यादी घेऊन त्या घरातली माणसं मोजायची. १९०१ आणि १९११ ची जनगणना इंटरनेटवर फुकट पाहता येते, तीत अशा घरांतल्या माणसांची वयं आणि जन्मस्थळंही मिळतात.

नावांच्या बाबतीत सावध राहा. जॉन रायन, पॅट्रिक मर्फी, जेम्स केली ही नावं पैशाला पासरी. त्यात एकच माणूस एका कागदावर इंग्रजी नावाने, दुसऱ्यावर आयरिश रूपाने आणि तिसऱ्यावर लॅटिन रूपाने येतो: विल्यम हा गुलिएल्मुस होतो, जेम्स याकोबुस. जन्मतारीख जुळल्याशिवाय दोन कागद एका माणसाच्या नावावर चढवू नका.

अत्याचारांच्या प्रकरणांबद्दल या दफ्तरात काही मिळतं का?

हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. धर्मसंघांनी चालवलेल्या संस्थांतल्या मुलांवरच्या अत्याचारांचा रायन अहवाल मे २००९ मध्ये आला. माता-बालगृहांवरचा, म्हणजे अविवाहित माता आणि त्यांची मुलं जिथे ठेवली जात त्या संस्थांवरचा, चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये आयरिश जेझुइटांनी आपल्या शाळांत शिकवलेल्या एका दिवंगत सदस्याचं नाव स्वतःहून जाहीर केलं आणि त्याच्याकडून छळ झालेल्या माजी विद्यार्थ्यांना पुढे येण्याचं आवाहन केलं.

अलीकडच्या व्यक्तींच्या फाइली बंद असतात. हयात व्यक्तींची माहिती युरोपच्या विदासंरक्षण कायद्याखाली येते आणि पीडितांच्या दृष्टीने ते योग्यही आहे. पण फाइल बंद असण्यामागे नेहमी पीडिताची काळजीच असते, असं मानायला मी तयार नाही. दत्तक गेलेल्या व्यक्तींना आपल्या जन्माची माहिती मागण्याचा अधिकार २०२२ च्या कायद्याने मिळाला आहे. ती मागणी सरकारी यंत्रणेकडे करायची, धर्मसंघाच्या दारात उभं राहायचं कारण नाही.

मुंबईत आम्हाला शिकवणाऱ्या फादरांची माहिती इथे मिळेल?

बहुधा नाही. मुंबईचं जेझुइट कार्य १८५४ पासून जर्मनभाषक जेझुइटांकडे होतं. सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये त्यांनीच उभं केलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मनांना हटवलं आणि त्यानंतर स्पॅनिश जेझुइट आले. तुमच्या फादरांचं आडनाव स्पॅनिश किंवा कॅटलन वळणाचं असेल तर डब्लिनला पत्र लिहिण्यात वेळ दवडू नका.

आयरिश दुवे आहेत, पण वेगळ्या वाटांनी. १८३४ मध्ये आयरिश जेझुइट रॉबर्ट सेंट लेजर कलकत्त्याला बिशपांच्या अधिकाराने आले. लोरेटो भगिनी १८४१ च्या अखेरीस तिथेच पोचल्या, प्रेझेंटेशन भगिनी १८४२ मध्ये मद्रासला. पुढे मदर तेरेसा म्हणून ओळखली गेलेली अल्बेनियन तरुणी १९२८ मध्ये इंग्रजी शिकायला काही आठवडे डब्लिनच्या रॅथफार्नहॅम मठात राहिली, तो मठ लोरेटोचाच. आयरिश जेझुइट विसाव्या शतकात प्रामुख्याने हाँगकाँगला आणि झांबियाला गेले, त्याआधी १८६५ पासून ऑस्ट्रेलियाला. त्या देशांचा इतिहास शोधणाऱ्यांना मात्र इथे खूप काही आहे.

कागद पाहायचे तर काय करावं लागतं?

आधी ऑनलाइन सूची चाळा. व्यक्तीचं नाव, घराचं नाव आणि वर्ष यांनी शोधा. मग इंग्रजीत छोटा ईमेल पाठवा: कोण हवं आहे, अंदाजे कुठली वर्षं, आतापर्यंत काय सापडलं आहे, आणि नेमकं काय पाहायचं आहे. 'माझ्या पूर्वजांबद्दल जे असेल ते सगळं पाठवा' अशा पत्राला सभ्य पण निरुपयोगी उत्तर येतं. अशा दफ्तरांत माणसं एक-दोनच असतात.

प्रत्यक्ष जायचं असेल तर वेळ ठरवूनच जा. पेन नाही, पेन्सिल. फोटोसाठी आधी परवानगी, आणि फ्लॅश बंद. एका वेळी एकच खोका उघडायचा आणि कागदांचा क्रम मोडायचा नाही. पाकिटं जोडलेली असतील तर तीही पाहा, कारण पत्रावर तारीख नसली तरी टपालाचा शिक्का असतो. पत्रांच्या माथ्यावर ए.एम.डी.जी. किंवा पी.सी. अशी अक्षरं दिसतील. 'देवाच्या अधिक गौरवासाठी' आणि 'ख्रिस्ताची शांती' या लॅटिन वचनांची ती आद्याक्षरं, पत्ता किंवा सांकेतिक क्रमांक नव्हे.

सापडलेलं पत्र किंवा फोटो मला लेखात छापता येईल?

कागद दफ्तराच्या मालकीचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसाचा असतो. आयर्लंडमध्ये हा हक्क सर्वसाधारणपणे मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. त्या हिशेबाने १९६० मध्ये वारलेल्या ब्राउन यांच्या फोटोंवरचा हक्क २०३० च्या अखेरपर्यंत चालेल. टायटॅनिकचे फोटो इंटरनेटवर ढिगाने फिरताहेत म्हणून ते फुकटचे होत नाहीत.

दफ्तराकडून लेखी परवानगी घ्या आणि कॅप्शनमध्ये संग्रहाचं नाव आणि खोक्याचा क्रमांक द्या. तो क्रमांक नोंदवायला विसरलात तर दुसऱ्या कुणाला तर सोडाच, वर्षभराने तुम्हालाही तोच कागद पुन्हा सापडणार नाही.